आय देवाशी भांडायची



मी ख्रिस्ती महाराचा पोरगा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. या पानांवर बौद्धांचं, मांगांचं, चांभारांचं, भटक्यांचं जिणं येतं. आमचं क्वचितच येतं. त्यात दोष तुमचा थोडा, आमचा जास्त. आम्ही मिशन कंपाउंडाच्या भिंतीआड गप बसलो. बाबासाहेबांनी १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना हे तोंडावर सुनावलं होतं. तुम्ही शिकता, नोकरीला लागता, पण गावात आपल्या माणसांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध उभे राहत नाही, असा त्यांचा रोख होता. तो झोंबतो, कारण खरा होता.

पण मला लिहायचंय ते माझ्या आयबद्दल. आणि एका हसण्याबद्दल.

१९७७ च्या सुमाराला नगरला आमचा अभ्यासवर्ग भरायचा. नगर, म्हणजे आता कागदावर अहिल्यानगर. एका मित्राच्या खोलीत आठ-दहा पोरं, मधे एक चहाची किटली, आणि वाद. एकदा विषय निघाला धर्माचा. एकानं मला विचारलं, "तुझी आय अजून जाते का रे चर्चात? एका गालावर मारलं की दुसरा पुढं करायला?" सगळे हसले. मीही हसलो. वर म्हणालो, "अडाणी आहे ती. सुटेल हळूहळू." ते हसणं गेली पन्नासेक वर्षं माझ्या घशात अडकलंय. गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. गोदावरीपलीकडं मराठवाडा लागतो. नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ साली, पण आमच्या पणज्याचा बाप्तिस्मा झाला तो १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतर. गाव आम्हाला 'बाटगे' म्हणायचं. दूध-पावडरीसाठी येशूला विकले गेलेले. ज्या धर्मानं पणज्याला मेलेल्या ढोरापलीकडं काही दिलं नाही, त्याच धर्माची माणसं त्याला विचारत होती, पोटासाठी धर्म सोडलास का म्हणून! बरं, सोडला पोटासाठी. पोट काय बामणालाच असतं?

येशूच्या नावानं काय बदललं? पोरं शाळेत गेली, तेवढं नक्की. येसकरकी सुटली, मेलेलं ढोर ओढणं सुटलं. राहणं मात्र महारवाड्यातच राहिलं. पाण्याला गेलं की बाप्तिस्मा कुणी विचारत नव्हतं, जात विचारत होते.

बाप मेला १९६९ साली. एका बागाईतदाराची विहीर खोदायचं काम होतं. सुरुंग लावले, उडाले, पण एक उडायचा राहिला. मालकाला घाई. बापाला म्हणाला, "उतरून बघ." बाप उतरला. पुढचं सांगायची गरज नाही. मी तेरा वर्षांचा होतो, धाकटी बहीण पाळण्यातनं नुकती उतरलेली.

तिसऱ्या दिवशी मालकाच्या घरचा कारभारी आला. पायली-दोन पायली ज्वारी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "काय करायचं बाई, मागल्या जल्मीचं असतं. फेडल्याबिगर सुटत न्हाई." संध्याकाळी आमचे पाळकसाहेब आले. त्यांनी प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, "बाई, देव उगाच मारत नाही. त्याची पिण्याची सवय होती. कुठंतरी पाप दडलेलं असतं. पश्चात्ताप करा."

दोघं गेल्यावर आय बराच वेळ चुलीपुढं बसून राहिली. मग म्हणाली, "आरं, ह्या दोघांचं बोलनं येकच की."

आयला अक्षर ओळख नव्हती. पण उपासनेत ऐकून ऐकून तिला बायबल पाठ होतं, आपल्या बायांना ओव्या असतात तसं. ती म्हणाली, "त्या इयोबबाबाचं काढ. वाच."

ईयोबाची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. जुन्या करारातलं एक पुस्तक आहे, बेचाळीस अध्यायांचं. ईयोब नावाचा एक सज्जन, श्रीमंत माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, चाकर मारले जातात, दहा लेकरं घर कोसळून मरतात. मग अंगभर फोड येतात. तो राखेत बसून खापरीनं अंग खाजवतो. आमच्या पाळकांच्या तोंडी ईयोब म्हणजे सहनशीलतेचा पुतळा. देवानं दिलं, देवानं नेलं, पण हा कुरकुरला नाही, मग देवानं दुप्पट दिलं. गरिबाला ऐकवायला याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. मी ही गोष्ट दर वर्षी ऐकली होती आणि दर वर्षी मला त्या ईयोबाचा राग आला होता.

चिमणीच्या उजेडात मी वाचायला बसलो. घासलेट कमी, म्हणून रात्रीला एक अध्याय, कधी दोन. आणि तेव्हा कळलं की पाळकसाहेब पहिले दोन अध्याय सांगतात आणि शेवटचा सांगतात. मधले एकोणचाळीस कुणी सांगतच नाही. मधे ईयोब गप बसलेलाच नाही! तो जन्मल्या दिवसाला शिव्या घालतो. देवाला म्हणतो, समोर ये, माझ्याशी वाद कर, माझा गुन्हा काय ते दाखव. त्याचे तीन दोस्त त्याला पुन्हा पुन्हा एकच सांगतात : तू पाप केलं असशील, त्याशिवाय का असं होतं? देव न्यायी आहे, म्हणजे दोष तुझाच. आणि तो पुन्हा पुन्हा म्हणतो, नाही. मी हे कबूल करणार नाही.

आय मधेच थांबवायची. "कोन बोलतंय आता? दोस्त का इयोबबाबा?" मी सांगायचो, दोस्त. "म्हंजी कारभारी," ती म्हणायची. दुसऱ्या रात्री दुसरा दोस्त. "हा पाळकसाहेब."

शेवटी वावटळीतनं देव बोलतो, पण सरळ उत्तर देतच नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास, असंच विचारत राहतो. मी वाचून थांबलो. आय म्हणाली, "हे काय उत्तर न्हाई." मग जरा वेळानं, "पर आला तर खरा. ह्यानं बोलावलं म्हून आला. दोस्तांनी कुठं बोलावलं व्हतं?"

आणि अखेरच्या अध्यायात देव त्या दोस्तांवर चिडतो. माझ्याविषयी तुम्ही खोटं बोललात, खरं बोलला तो ईयोब, असं त्यांना सुनावतो. हे आयनं माझ्याकडनं तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी तिनं डोळ्यांना पदर लावला. बाप मेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. "बघ," ती म्हणाली, "त्याचं पाप नव्हतं. देवच म्हनतोय. इहीर मालकाची, सुरुंग मालकाचा, पाप कुनाचं?"

पुढं मिशनच्या शाळेत मला योहानाच्या नवव्या अध्यायातली जन्मांधाची गोष्ट सापडली. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापानं, याच्या का याच्या आईबापाच्या? येशू म्हणतो, दोघांच्याही नाही. मी पळत घरी येऊन आयला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? मी काय सांगत व्हते?" जणू हे तिनंच लिहून ठेवलं होतं.

हे सगळं मी तेव्हा नुसतं वाचलं, समजलो नाही. चळवळीत आलो, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचलं. मागच्या जन्माच्या कर्माचं ओझं या जन्मीच्या गरिबावर टाकणारा सिद्धांत बाबासाहेबांनी त्यात कसा मोडून काढला ते वाचून अंगावर काटा आला. आणि त्या पानावर मला आमची चिमणी दिसली. आय ज्ञानी होती, तिनं आधीच सगळं ओळखलं होतं, असा दावा मी करत नाही. बाबासाहेबांचं काम ते बाबासाहेबांचं. पण माणसाला चिरडून वर 'तुझंच पाप' म्हणणारा जो हात असतो, तो तिला अंधारात चाचपून सापडला होता. आणि तो तिला देवाच्या पुस्तकात सापडला, हे मला टाळता येत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ. तुमच्यातल्या तरण्या पोरांना तो आजोबांच्या तोंडून माहीत असेल. विहिरींचे तळ दिसले, जनावरं कवडीमोलानं गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. खडीच्या ढिगावर सगळ्या जातीच्या बाया आल्या. जन्मात उंबरा न ओलांडलेल्या मराठ्यांच्या बायाही डोक्यावरचा पदर सावरत हातोडी मारायच्या. खायला अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो आणि पोरांना सुकडी. त्या वर्षी अख्ख्या गावानं अमेरिकेचा दाणा खाल्ला. पण 'मिलोचे मराठे' असं कुणाला कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

दुष्काळानं सगळे एका ढिगावर आणले, पण पिण्याचं पाणी एका पिंपात नव्हतं. म्हणजे पिंप एकच होतं. आमच्या बायांनी लांब बसायचं, ओंजळ धरायची, आणि एका बाईनं वरनं ओतायचं. पहिल्या दिवशी आयनं ओंजळ धरली. दुसऱ्या दिवशी धरली नाही. घरनं डोक्यावर मडकं घेऊन ती दीड कोस चालत यायला लागली. त्या पाण्यासाठी पहाटे तीनला उठायची. त्यातलं पाणी ती येईल त्याला द्यायची. आधी मांगाच्या बाया आल्या. मग एका दुपारी पिंप संपलं, टँकर आला नाही, आणि एक माळ्याची म्हातारी आली. आयनं तिला वरनं ओतलं नाही. गाडगं भरून हातात दिलं. म्हातारी जरा घोटाळली. मग प्याली.

मुकादमाला हे रुचलं नाही. आठवड्याचा पगार आला तेव्हा मस्टरवर आयच्या नावापुढं चार खाडे. ती एकही दिवस चुकली नव्हती. त्या रात्री ती प्रार्थनेला बसली आणि मी ऐकलं, ती मुकादमाचं नाव घेऊन मागत होती. त्याच्या लेकराबाळांसाठी मागत होती. मी सोळा वर्षांचा. माझं डोकं फिरलं. "आये, त्यानं तुझा पगार खाल्ला आन् तू त्याच्यासाठी मागती?"

ती म्हणाली, "मागते. न्हाई मागितलं तर त्यो माझ्या डोस्क्यात ऱ्हाईल रातभर. आन् मला सकाळी लौकर उठायचंय."

सकाळी ती तीन बायांना घेऊन तालुक्याला चालत गेली, तहसीलदाराकडं तक्रार घेऊन. असे अकरा दिवस खेटे घातले. चारातले दोन दिवस मिळाले, दोन बुडालेच. आणि खेटे घालण्यात जे दिवस गेले त्यांचा पगार गेला तो वेगळा. हिशेबानं बघितलं तर तोटाच. पण त्या ढिगावर नंतर कुणाचे खाडे फुकटचे लागले नाहीत.

दुसऱ्या गालाची गोष्ट माझ्या मित्राला त्या दिवशी मी ही सांगायला हवी होती. पण मी हसलो होतो.

१९७३ च्या उन्हाळ्यात धाकटी गेली. जुलाब लागले, दोन दिवसांत पोर सुकून काडी झाली. दवाखाना तालुक्याला, बैल विकलेले, गाडी कुणाची मिळेना. आयनं तिला पाठुंगळी मारलं आणि चालायला लागली. मी मागनं. अर्ध्या वाटेत आय थांबली. तिनं मागं वळून बघितलं नाही, नुसतं म्हणाली, "पोरा, वझं वाढलं."

इथं मला जपून लिहायला पाहिजे. आमच्यात साक्षी द्यायची पद्धत असते. उपासनेत उभं राहून माणूस सांगतो, माझ्यावर असं संकट आलं, मी प्रार्थना केली, देवानं मला बळ दिलं, हल्लेलुया. असल्या साक्षीत संकट आणि बळ यांच्यामधे एकच वाक्य असतं. आयच्या बाबतीत तिथं आठ महिने होते. तिनं प्रार्थना बंद केली. चर्चला जायचं बंद केलं. नाताळ आला, वस्तीतली पोरं डफ घेऊन गात दारावर आली, तिनं दार लावून घेतलं. रात्री कधी तिचा आवाज यायचा, घराच्या मागल्या बाजूनं, दबक्या स्वरात. मला वाटायचं कुणाशी बोलते. एकदा कान देऊन ऐकलं. "आरं, बघत व्हतास का? का झोपला व्हतास?" एवढंच, पुन्हा पुन्हा. मी परत जाऊन आडवा झालो. मला भीती वाटली. तिला वेड लागेल म्हणून नव्हे. ती ज्याच्याशी भांडतेय तो तिथं असला तर, म्हणून.

पाळकसाहेब येऊन गेले. आयनं त्यांना बसायला पोतं टाकलं आणि सांगितलं, "सायेब, बसा. पर बोलू नगा." ते बसले नाहीत.

बसली ती एक म्हातारी. मिशनमधे पूर्वी बायबलबाई होती, गावोगाव फिरून बायांना शुभवर्तमान सांगायची. आता तिला कमी दिसायचं. ती रोज दुपारी काठी टेकत यायची, आयशेजारी बसायची, आणि काही म्हणता काही बोलायची नाही. एवढी बोलकी बाई, पण अवाक्षर नाही. आय निवडत असेल तर दाणे निवडू लागायची. ऊन उतरलं की उठून जायची. असे किती दिवस गेले, मोजले नाहीत.

एका रविवारी आयनं तोंड धुतलं, धुवट लुगडं नेसली आणि चर्चकडं चालायला लागली. काय झालं, का गेली, मी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. फक्त काही दिवसांनी म्हणाली, "इयोबाचे ते दोस्त आधी सात दिस गप बसले व्हते न्हाई का? मातीत, त्याच्या बाजूला. तवर ते दोस्त व्हते. तोंड उघडलं आन् कारभारी झाले." मी जाऊन बघितलं. खरंच आहे तसं, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी. मी वाचून दाखवलं होतं तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

आणखी एकदा म्हणाली, "त्याला गुरं दुप्पट दिली, उंटं दुप्पट दिली. लेकरं?" मी मोजलं. आधी सात पोरगे, तीन पोरी. नंतर सात पोरगे, तीन पोरी. "तेवढीच. दुप्पट न्हाई. म्हंजी आधीची जमेला धरलीत. गेली न्हाईत ती." असा हिशेब पंडितांनी आधी कुठं मांडला असेल तर असेल. आमच्या आयनं तो दुष्काळी कामाच्या मस्टरवरनं शिकला.

ती परत गेली, पण जुन्या जागेवर बसली नाही. हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय, कारण आमच्या घरातलं झाकून मी गावाला शिव्या घालत बसलो तर ते खोटं होईल. आमच्या चर्चमधे महार ख्रिस्ती पुढं बसायचे, मांग ख्रिस्ती मागं दारापाशी. कुणी नियम केला नव्हता. येशूत सगळे एक, असं समोरच्या भिंतीवर लिहिलेलं, आणि खाली ही अशी बैठक. प्रभुभोजनाचा प्याला पुढनं मागं जायचा, मागनं पुढं कधी यायचा नाही. आय आली आणि दारापाशी बसली. लोकांना वाटलं, अजून सुतकात आहे. पुढल्या रविवारी पण तिथंच. मग कुजबूज. पंचमंडळींतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "पोरगी गेली तवा मांगवाड्यातल्या दोघीजणी माझ्या घरी आल्या व्हत्या. तुमी कुठं व्हता?" त्यानंतर जिथं मयत होईल तिथं ती जायची, महारवाड्यात, मांगवाड्यात, बौद्धांत, पुढं पुढं गावातसुद्धा. जायची आणि गप बसायची. बोलवायला येणारा म्हणायचा, "मावशी, या जरा बसायला." एवढंच तिचं काम.

आता आमचं भांडण.

१९७४ ला मी मॅट्रिक झालो. कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. माझे वर्गमित्र, कुणी हिंदू महार, कुणी बौद्ध. महाराष्ट्रात साठ सालानंतर बौद्धांना राज्याच्या सवलती मिळायला लागल्या होत्या. त्यांना फी माफ, स्कॉलरशिप, वसतिगृह. आमचं काय? १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे, त्याचा तिसरा परिच्छेद वाचा. अनुसूचित जात फक्त हिंदूंतच धरायची, असं त्यात ठरलं. १९५६ ला शिखांना आत घेतलं, १९९० ला बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर ठेवले. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं की ही धर्माची अट काढून टाका. अहवाल पडून राहिला. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. गावच्या पाणवठ्यावर आम्ही महार, आणि कागदावर आला की ख्रिस्ती!

त्यामुळं नगरकडं शेकडो घरांत एक रीत होती. शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार', घरात भिंतीवर येशू. मास्तर मला म्हणाले, "अरे, दोन शब्द तर लिहायचे." मी दाखला दुरुस्त करायला आयचा अंगठा मागितला. तिनं दिला नाही.

मी काय काय बोललो ते आठवलं की लाज वाटते. तुझ्या देवानं बाप खाल्ला, बहीण खाल्ली, आता माझं शिक्षण खाणार, असं म्हणालो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ज्याच्याशी मी येवढी भांडले त्याला कागदावर वळखत न्हाई म्हनू?"

मी कॉलेजचं एक वर्ष रडतखडत काढलं, फी थकली, सोडलं. साखर कारखान्यावर हंगामी कामाला लागलो. बी. ए. झालो ते पुढं, बाहेरून परीक्षा देऊन, तीस वर्षांचा असताना. आय बरोबर होती का? मला आजही ठरवता येत नाही. ज्यांनी 'हिंदू महार' लिहून पोरं शिकवली ते खोटारडे, असं मी कदापि म्हणणार नाही. भाकरीसाठी माणसाला खोटं बोलायला लावणारा कायदा खोटारडा आहे. तिनं ते खोटं नाकारलं आणि किंमत मी मोजली, हेही खरंच. तिच्या श्रद्धेचा हिशेब मांडताना हा खर्च मी वगळू शकत नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. गोदावरी ओलांडून माणसं आमच्याकडं आली, अंगावरच्या कपड्यानिशी. आयनं घरोघर फिरून भाकरी गोळा केल्या. चर्चच्या आवारात माणसं ठेवा म्हणून पंचांशी भांडली. तिथं तिला बीड बाजूची एक बौद्ध बाई भेटली, जिचं घर जळालं होतं. दोघी रात्र-रात्र बसायच्या. त्या बाईनं तिला किसा गौतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं पोर कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी आई, आणि बुद्धानं तिला सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथनं मोहरी आण. आयला ती गोष्ट इतकी लागली की ती मला पुन्हा पुन्हा सांगायची, जणू मी आंबेडकरवादी असून मला ठाऊकच नाही. "बुद्धबाबानं तिला पाप-बिप काय सांगितलं न्हाई," ती म्हणायची. "चार घरं फिरून ये म्हनला."

मी नामांतराच्या सत्याग्रहात आत गेलो तेव्हा ती भेटायला आली. सोबतच्या पोरांनी "जय भीम, मावशी" म्हटलं. ख्रिस्ती माणूस आमच्याकडं "सलाम" म्हणतो. ती आधी "सलाम" म्हणाली, मग "जय भीम" म्हणाली. हसणारा मित्रही त्यात होता. तिनं भाकरी आणल्या होत्या, त्यानं दोन खाल्ल्या.

एकदा मी तिला मुक्ता साळवेबद्दल सांगितलं. फुल्यांच्या शाळेतली मांगाची चौदाएक वर्षांची पोर. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ ला 'ज्ञानोदय'मधे, म्हणजे आमच्याच मिशनच्या पत्रात, छापून आला. त्यात ती देवालाच विचारते, आमचा धर्म कोणता ते सांग. आय म्हणाली, "मांगाची पोर ना? मंग ती इचारनारच."

आय १९९६ ला गेली. शेवटी दिसत नव्हतं, तरी बायबल उशाशी असायचं. ईयोबाच्या पानांवर घासलेटाचे डाग आहेत. मी चर्चला जातो का? नाताळला जातो, दारापाशी बसतो. विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलतो.

मागल्या साली आमच्या भागातला एक पोरगा सेप्टिक टँकमधे उतरला आणि वर आला नाही. वय बावीस. ठेकेदारानं ना मुखवटा दिला होता ना दोर. २०१३ चा कायदा असं माणूस उतरवायला बंदी करतो. मरण पावलेल्याच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं २०१४ ला दहा लाख ठरवले, ऑक्टोबर २०२३ ला तीस लाख केले. हे मला तोंडपाठ होतं. मी तिथं गेलो तेव्हा ओट्यावर चार माणसं होती. एक म्हणत होता, "नशिबात असतं." दुसरा म्हणत होता, "पोरगं जरा प्यायचं म्हणे."

मी पोराच्या आईशेजारी जमिनीवर बसलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. ओट्यावरची माणसं हळूहळू कमी झाली. पाचव्या दिवशी मी पिशवीतनं कागद काढले आणि म्हणालो, "ताई, तहसीलला जायचं का?" तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "चार दिस बोलला न्हाईत. मला वाटलं, मुके हाईत." आणि तोंडाला पदर लावून हसल्यासारखं केलं. मग आम्ही अर्ज लिहायला बसलो.